ओल्या वातीचा तापमापक आणि फोनवरचं हवामान

कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर बराच काळ फिरतोय. मला तो चौघांकडून आला, शेवटचा थेट साताऱ्याहून, मावसभावाकडून. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत वणवा विझवणारे आणि जंगलात ठरवून आग लावणारे लोक आधी राष्ट्रीय हवामान सेवेकडे ऑनलाइन अर्ज करून त्या जागेपुरता अंदाज मागवतात. त्याला 'स्पॉट फोरकास्ट' म्हणतात. पण हा नुसता कागदी सोपस्कार आहे, कारण फोनवर तेच दिसतं. अंदाज काढतो संगणक, माणूस फक्त पुढे ढकलतो. अर्ज भरण्यात वेळ जातो. २०२२ साली न्यू मेक्सिकोत असा अंदाज हातात असतानाच आग सुटली. आणि भारतात तर या गोष्टीचा काही उपयोगच नाही.

मी सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी राहतो. आमच्या भागात जमीनमालकांचा एक गट आहे. हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात आम्ही ओकच्या रानातला पालापाचोळा आणि वाळलेलं गवत ठरवून जाळतो, म्हणजे उन्हाळ्यातल्या वणव्याला खायला कमी उरतं. अर्ज मी करत नाही, तो अग्निशमन दलाचा अधिकारी करतो. पण त्यात जाणारे आकडे मोजायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं. त्यामुळे हा मजकूर वाचून गप्प बसवलं नाही.

पहिला मुद्दा, 'फोनवर तेच दिसतं.'

गेल्या मार्चमधली एक सकाळ सांगतो. दहा वाजले होते आणि आम्ही खालच्या गावापासून बरेच वर, डोंगराच्या सोंडेवर उभे होतो. फोन सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर दाखवत होता. मी तापमापकांची जोडी काढली. एकाच पट्टीवर दोन नळ्या असतात, एकीच्या फुग्याला सुती वात गुंडाळलेली. वात स्वच्छ पाण्याने भिजवायची, सावलीत वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि हात लांब करून पट्टी गरगर फिरवायची. ओल्या नळीचा पारा उतरायचा थांबला की आधी तो वाचायचा, मग कोरड्या नळीचा. त्या दिवशी कोरडा ६६ अंश फॅरनहाइट, ओला ४८. तक्त्यात बघितलं तर आर्द्रता २४ टक्के. विश्वास बसेना म्हणून वात बदलून पुन्हा मोजलं. वात मळकी असेल तर पाणी नीट उडून जात नाही, पारा पुरेसा उतरत नाही आणि हवा खरी आहे त्यापेक्षा दमट वाटते. या कामात तीच चूक सर्वांत महागात पडते. दुसऱ्या वेळीही २४ च आले.

फोन खोटं बोलत नव्हता. रात्री थंड हवा दरीत उतरून साचते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. गाव त्या झाकणाखाली गारठ्यात होतं. आम्ही झाकणाच्या वर होतो आणि तिथे रात्रभर हवा कोरडीच राहिली होती. हवामान सेवेचा सर्वसाधारण अंदाजसुद्धा अडीच किलोमीटरच्या चौकोनांत मांडलेला असतो. आमच्याकडे अडीच किलोमीटरच्या एका चौकोनात दरीचा तळ, दक्षिणेकडचा तापलेला उतार, उत्तरेची सावलीतली घळ आणि माथा असं सगळं बसतं. चौकोनाला आकडा एकच. आग मात्र चौकोनात पेटत नाही, एका उतारावर पेटते. तापमान २० अंश फॅरनहाइटने चढलं की सापेक्ष आर्द्रता साधारण निम्मी होते, आणि पाव इंचापेक्षा बारीक काड्या, गवत, पानं हा फरक तासाभरात अंगात मुरवून घेतात. सकाळी वाकणारं गवत दुपारी हातात कडकन मोडतं ते यामुळेच.

वाऱ्याचंही तेच. विमानतळावर वारा ३३ फुटांवर मोजतात, वणव्याच्या अंदाजात तो २० फुटांवरचा धरतात, आणि जमिनीवरची ज्वाळा ज्या वाऱ्यावर चालते तो माणसाच्या डोळ्याच्या उंचीचा असतो. दाट झाडीखाली तो २० फुटांवरच्या वाऱ्यापेक्षा कितीतरी कमी भरतो, उघड्या गवतावर त्यामानाने कमी घटतो. म्हणूनच अर्जात विचारतात की जागा झाडीने झाकलेली आहे, अर्धवट झाकलेली आहे की उघडी. शिवाय जागेचे अक्षांश-रेखांश, खालची आणि वरची उंची, क्षेत्र किती एकर, जळायचं काय, गवत, झुडपं की लाकूड, आणि किती वाजता कोणत्या उंचीवर काय मोजलं तेही द्यावं लागतं. यातलं काय फोनला सांगता येतं?

त्या सकाळचं उत्तर आलं तेव्हा त्यात दुपारची आर्द्रता वीसच्या खाली जाईल आणि दोनच्या सुमारास वारा वायव्येकडून खिंडीतून जोर धरेल असं होतं. आमच्या जाळणीच्या आराखड्यात आर्द्रतेची खालची मर्यादा २५ टक्के लिहिलेली होती. काडी ओढली नाही. पंचवीस माणसं सामान आवरून परत गेली. चिडचिड झाली, मलाही झाली, कारण तो एक शनिवार जमवायला आम्हाला दोन महिने लागले होते.

फोनवर आणखी एक गोष्ट नसते, ती म्हणजे धूर कुठे जाणार. जागेपुरत्या अंदाजात धूर किती उंचीपर्यंत मिसळेल आणि त्या थरातला वारा त्याला कोणत्या दिशेला किती वेगाने नेईल हेही मागता येतं. जानेवारी २००८ मध्ये फ्लोरिडात ठरवून लावलेली एक आग हाताबाहेर गेली. तिचा धूर पहाटेच्या धुक्यात मिसळून आय-४ महामार्गावर बसला आणि सुमारे ७० गाड्या एकमेकींवर आदळल्या, माणसं दगावली. वारा पडलेली, गार, शांत रात्र आग लावणाऱ्याला बरी वाटते. धुरासाठी तीच सर्वांत वाईट, कारण तो वर जात नाही, सखल भाग शोधत जमिनीलगत सरपटतो.

'अंदाज संगणक काढतो, माणूस फक्त पुढे ढकलतो.'

संगणकाची प्रारूपं, म्हणजे हवामानाची गणिती मॉडेलं, पायाला असतात, हे खरंच आहे. पण अर्ज त्या भागाच्या हवामान कार्यालयातल्या माणसासमोर येतो. कोणत्या खिंडीतून दुपारी वारा घुसतो, कोणत्या दरीत झाकण अकरापर्यंत फुटत नाही, हे त्याला वर्षानुवर्षांच्या कामातून माहीत असतं. आम्ही पाठवलेलं मोजमाप त्याच्या प्रारूपापेक्षा पाच अंशांनी वेगळं निघालं तर प्रारूप त्या जागी कुठे चुकतंय ते त्याला कळतं आणि तो दुपारचा आकडा त्या हिशेबाने हलवतो. शंका आली तर फोन करतो. आमच्या अधिकाऱ्याला एकदा त्याने विचारलं होतं, 'हे मोजमाप जळलेल्या काळ्या जमिनीजवळ घेतलंय का?' खरोखरच तसं घेतलं होतं. पुन्हा मोजायला मला अर्धा फर्लांग चालावं लागलं. मोठ्या वणव्यांवर तर हवामान सेवा आपला खास प्रशिक्षित हवामानतज्ज्ञ थेट छावणीवर पाठवते. तो आगीशेजारी राहून ढगांकडे बघत अंदाज देतो.

म्हणूनच हा मुद्दा मला निरुपद्रवी वाटत नाही. २०२५ च्या सुरुवातीला हवामान सेवेतली शेकडो माणसं कमी झाली आणि काही कार्यालयांत रात्रपाळीला माणूस पुरेना. 'सगळं संगणकच करतो' हे वाक्य लोकांनी मानलं की उरलेल्या खुर्च्या रिकाम्या करणं सोपं जातं.

वेळ जातो म्हणणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, अर्ज काही मिनिटांत भरून होतो. आणि पेटलेल्या वणव्याचे अर्ज ठरवून लावायच्या आगींच्या आधी हातात घेतले जातात.

आता न्यू मेक्सिको. या मुद्द्यावर मला थांबून बोलायचंय, कारण तिथे शेकडो घरं गेली, पिढ्यान्‌पिढ्यांची कुरणं आणि पाण्याचे पाट गेले, आणि त्या लोकांच्या दुःखाचा दाखला चुकीच्या गोष्टीसाठी दिला जातोय.

६ एप्रिल २०२२ ला सांता फे राष्ट्रीय वनात लास दिस्पेन्सास नावाच्या तुकड्यावर ठरवून आग लावली. आधी छोटी चाचणी आग लावून बघितली, ती ठीक वाटली. दुपारी ठिणग्या आगीसाठी आखलेल्या रेषेबाहेर पडायला लागल्या आणि त्या आवरायला माणसं आणि पाणी पुरेनासं झालं. त्याच दिवशी तिला वणवा जाहीर करावं लागलं. हाच हर्मिट्स पीक वणवा. दुसरा, काफ कॅन्यन, जानेवारीत जाळलेल्या लाकडांच्या ढिगांतून उठला. त्यांतली धग बर्फाखाली तीन महिने जिवंत राहिली आणि एप्रिलमध्ये वर आली. दोन्ही एकत्र झाले आणि ३,४१,००० एकरांहून जास्त रान जळालं. न्यू मेक्सिकोच्या नोंदलेल्या इतिहासातला तो सर्वांत मोठा वणवा.

ही आग लावणाऱ्या अमेरिकी वन सेवेने स्वतःची चौकशी केली, तिचा अहवाल जूनमध्ये आला. मंजूर आराखडा बहुतांशी पाळला होता, सगळ्या बाबतींत नाही, रान किती कोरडं झालंय याचा अंदाज कमी धरला गेला, आणि काम उरकायचा दाब होता, असं तो अहवाल सांगतो. हे नीट वाचा. जागेपुरता अंदाज पुढच्या काही तासांची हवा सांगतो. वर्षानुवर्षांच्या दुष्काळाने मांडीएवढे ओंडके आतून किती वाळलेत, बर्फाखाली धग उरली आहे का, रेषेवर पाण्याचे बंब किती उभे आहेत, हे त्याला विचारलेलंच नसतं. ते रानात जाऊन, हाताने उकरून, लाकूड तपासून बघायचं असतं. वन सेवेचे तेव्हाचे प्रमुख रँडी मूर यांनी २० मे ला देशभरातल्या राष्ट्रीय वनांमधल्या सगळ्या ठरवून लावायच्या आगी ९० दिवस थांबवल्या. ९९.८४ टक्के वेळा अशा आगी ठरल्याप्रमाणे पार पडतात, असंही त्यांनी सांगितलं होतं. वर्षाला सरासरी ४,५०० आगी धरल्या तर उरलेल्या म्हणजे सातेक. ज्याचं घर त्या सातांपैकी एकीत गेलं त्याला टक्केवारीने काही समाधान मिळणार नाही, मिळावं असंही मी म्हणत नाही. पण त्यावरून हवेचा अंदाज मागवूच नये हे कुठल्या हिशेबाने निघतं? डॉक्टरकडे जाऊनही माणूस दगावला म्हणून कोणी ताप मोजायचं सोडत नाही.

अंदाज नसला, किंवा असून पोचला नाही, तर काय होतं याचाही दाखला आहे. जुलै १९९४ मध्ये कोलोरॅडोत ग्लेनवूड स्प्रिंग्जजवळ स्टॉर्म किंग डोंगरावर विजेने लागलेली आग सुरुवातीला लहानशी होती. ६ तारखेला कोरडी शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, येणार, दुपारी वारा उसळणार, हे हवामान कार्यालयाने आधीच सांगितलं होतं, धोक्याचा इशाराही दिला होता. डोंगरावर काम करणाऱ्या तुकड्यांपर्यंत तो पोचला नाही. वारा आला, खालच्या घळीतून आग ओकच्या झुडपांत शिरली आणि चढावर पळणाऱ्या माणसांच्या पुढे गेली. १४ जण गेले. इथल्या वणवा विझवणाऱ्यांना पाठ असणाऱ्या दहा आदेशांतला पहिलाच आदेश आहे की आगीच्या हवामानाची स्थिती आणि अंदाज याची माहिती सतत घेत राहा. आम्हाला प्रशिक्षणात तो म्हणायला लावला तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी आधी स्टॉर्म किंगचा नकाशा भिंतीवर लावला होता.

शेवटचा मुद्दा मावसभावाने स्वतःच्या हाताने खाली जोडला होता: 'आपल्याकडे याचा काय उपयोग?'

आपल्याकडेही ठरवून आग लावतात. वनखातं दरवर्षी उन्हाळा तापायच्या आत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे ठेवायचे पट्टे, जाळून घेतं. कोकणात भाताच्या रोपांसाठी भाजावळ करतात. बांधावरचं गवत पेटवतात, मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात. यातली एखादी आग वाऱ्याने हातची सुटली की डोंगर जातो. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून आगीच्या जागा टिपून वनरक्षकांच्या मोबाईलवर कळवतं, आणि ते फार मोलाचं काम आहे. पण तो निरोप आग लागल्यानंतरचा. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यासह जागोजागी आगी लागल्या, तेव्हा हवाई दल आणि नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती आणि खाली माणसं झाडाच्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपत होती. वारा कधी फिरणार, उतारावर आग कुठे धावणार, हे त्या डहाळी धरलेल्या माणसाला आधी कळायला हवं की नको?

ऑक्टोबर २०२४ पासून भारतात ग्रामपंचायतीपर्यंतचे हवामान अंदाज मिळायला लागले आहेत. त्यात तापमान, पाऊस, वारा, आर्द्रता सगळं असतं. पाया चांगला आहे. पण आमच्या पाटण तालुक्यात एकाच ग्रामपंचायतीत कोयनेकाठची शेतं आणि वरचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं कातळी पठार, दोन्ही येतात. सड्यावर दुपारी टोपी उडते तेव्हा खाली नदीकाठी पान हलत नाही. तिथून वर मोजमाप पाठवायची आणि त्या सड्यापुरतं उत्तर मिळवायची वाट असायला हवी. ती कोणी मागितली तरच निघेल, आणि मागणाऱ्याकडे आकडे असले तर लवकर निघेल.

हे सगळं मी मावसभावाला लिहून पाठवलं. त्याचा उलट प्रश्न आला: तो ओल्या वातीचा तापमापक मिळतो कुठे? अरे, आपल्याच हायस्कूलच्या प्रयोगशाळेत दारामागे भिंतीवर टांगलेला होता की. अजून असला तर वात नवी घाल, जुनी काळी पडली असेल. होळीच्या आधी वनरक्षक जाळरेषेला जातात त्या दिवशी सकाळी दहाला एकदा, दुपारी दोनला एकदा, सड्यावर उभं राहून मोज आणि वहीत लिही. खालच्या नदीकाठचे आकडे दुसऱ्या कोणाला तरी त्याच वेळी घ्यायला सांग.