असंच म्हणतात

मुलुंडहून वहिनीचा फोन आला तो थेट हिशेबावरच. "ताई, तुम्ही तिकडेच राहता, तुम्हीच सांगा. नेटिव्ह टीचरची बॅच घेऊ की साधी?" भाचा मराठी शाळेतून बारावी झालाय आणि मुलाखतीत इंग्रजी अडतं, म्हणून ऑनलाइन क्लास लावायचाय. नेटिव्ह म्हणजे जन्मापासून इंग्रजीच बोलणारा; त्याची फी साध्याच्या दुप्पट. साधी म्हणजे आपल्यातलेच कुणी शिकवणार ती.

मी ग्लासगोत राहते. इथे सगळेच नेटिव्ह. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका मेलमध्ये 'आउटविथ' असा शब्द आला, तर मी तो टायपिंगची चूक समजून दुरुस्त करून पाठवला! तो इथला रोजचा शब्द निघाला, अर्थ 'च्या बाहेर'. गिरगावातल्या माझ्या बाईंनी तो कधी ऐकलाही नसेल. इथल्या बसमधली कुजबुज भाच्याला ऐकवली, तर दुप्पट फी कशासाठी भरली असा प्रश्न त्यालाच पडेल.

दर रविवारी सकाळी दहाला मी आणि खालच्या मजल्यावरच्या स्कॉटिश आजी व्हिडिओ कॉलवर बसतो. चार-पाच जण इंग्रजी बोलायला येतात, फुकट. ब्राझीलचा एक मुलगा, व्हिएतनामची एक मुलगी, नालासोपाऱ्याची एक ताई. एकदा त्या ताईंनी विचारलं, 'आय एट' आणि 'आय हॅव ईटन' यात फरक काय? आजींनी दोन्ही वाक्यं तीनदा म्हणून पाहिली आणि म्हणाल्या, "कानाला कळतं गं, असंच म्हणतात."

मग मी मराठीत शिरले. "जेवलात का, असं विचारलं तर काय सांगता?" "जेवलेय." "आणि काल किती वाजता?" "नऊला जेवले." "काल नऊला जेवलेय, असं म्हणाल?" "छे!" मग झालं की. 'जेवलेय'मध्ये पोट अजून भरलेलं आहे, 'नऊला जेवले' ही संपलेली गोष्ट. ब्राझीलच्या पोराला यातलं अक्षरही कळलं नाही. त्याला व्हिएतनामच्या मुलीनं आकृती काढून समजावलं. तीही शिकाऊच, पण याच खड्ड्यात ती नुकतीच पडून उठली होती.

आजी मात्र बिनकामाच्या नाहीत. ताईंनी ओळख करून देताना 'आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन' म्हटलं, ते मला खटकलंच नाही. माझा कान आपलाच. आजी दचकल्या. त्यांना ऐकू आलं की बाईंना जुळं होणार आहे.

आणि माझी फजिती पुढच्याच रविवारी झाली. आजींना मराठीची चार वाक्यं हवी होती. "मी आंबा खाते" झालं. "काल मी आंबा खाल्ला" म्हटल्यावर त्यांनी थांबवलं. तू बाई आहेस, मग खाल्ला का? म्हटलं, आंबा पुल्लिंगी म्हणून. आणि खाते म्हणताना? तिथे मी स्त्रीलिंगी म्हणून. "मग काल तू कुठे गेलीस?" माझ्या तोंडून निघालं, "असंच म्हणतात." आजी खूप वेळ हसत होत्या.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश मुंबईत १८३१ मध्ये निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. आपण अजून तो उघडतो. साहेब मराठी आईच्या पोटी जन्मले नव्हते. सोबत मराठी शास्त्री बसले होते. माझे आजोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकले आणि गोदीत कारकून झाले. गोरा मास्तर त्यांनी पाहिला नाही.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून महाराष्ट्र पेटला आणि जूनच्या अखेरीस सरकारनं निर्णय मागे घेतला. आमच्या फॅमिली ग्रुपवर तेव्हा रोज शंभर मेसेज. २००० पासून इंग्रजीही पहिलीलाच आहे, ती कोण आणि कशी शिकवतं, यावर एकही नाही. वाद भाषेच्या नावाचा. शिकवण्याचा प्रश्न क्लासवाल्यांवर सोडून दिलेला. क्लासवाला मग जन्मदाखला विकतो. हे खूळ आपलंच आहे असंही नाही. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो. आयर्लंड आहे, दक्षिण आफ्रिका आहे, भारत त्या सातांत नाही.

वहिनीला म्हटलं, साधी बॅच घे. डेमोला 'जेवलो' आणि 'जेवलोय' एवढंच विचार. उत्तर आलं तर पैसे भर. वहिनी जरा गप्प. "ते ठीक आहे हो, पण उच्चार?" उच्चाराचा धाक मलाही इथे दोन वर्षं पुरला, त्यामुळे तिला हसता येईना. समोरच्याला कळावं इतका साफ हवा, म्हटलं. गोरा व्हायला नको. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

शेवटी रविवारी, तिकडच्या दुपारी अडीचला, भाच्याला आमच्यातच बसवायचं ठरलं. फी किती, असं वहिनीनं दोनदा विचारलं.