मामा, त्या मशीनला पाणी कोण पाजणार?

सकाळी सव्वासातला मामांचा फॉरवर्ड आला. ‘आइसलँडमध्ये हवेतला कार्बन शोषून त्याचा दगड करणारं मशीन तयार! एक मशीन म्हणजे लाखो झाडं. आता पेट्रोल-कोळसा कमी करायची गरज नाही. सह्याद्री त्याच दगडाचा, पुण्याने पुढाकार घ्यावा. शहरातला धूर गायब!’ खाली मामांची स्वतःची भर : ‘उगाच टेकडी टेकडी करत फिरता.’ पुण्यातली वेताळ टेकडी वाचवण्याच्या धडपडीवर घसरलात मामा, म्हणून लिहिणं भाग आहे.

मशीन खरं आहे. ‘ऑर्का’ त्याचं नाव, २०२१ साली सुरू झालं. क्षमता हवेतून वर्षाला ४,००० टन कार्बन डायऑक्साइड शोषायची. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. (पेट्रोल स्वतः पाऊण किलोच भरतं, बाकी वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. मामा इथे हमखास अडवणार, म्हणून आधीच सांगते.) म्हणजे १७ लाख स्कूटरवाल्यांनी एकेक लिटर जाळलं की मशीनची वर्षाची कमाई संपली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये ऊर्जेपायी जगाने ३७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडला. सेकंदाला १,२०० टन. ऑर्का वर्षभर राबून जेमतेम सव्वातीन सेकंद भरून काढणार, तेही पूर्ण क्षमतेने चाललं तर. आणि गरज नाही म्हणे! भारताचं कोळशाचं उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांच्या पुढे गेलं.

आता सह्याद्री. दगड तोच, बेसॉल्ट, हे कबूल. पण दगड व्हायला पकडलेला वायू आधी पाण्यात विरघळवून खडकात सोडावा लागतो आणि एका टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागतं. म्हणजे १० हजार लिटरचे अडीच टँकर. ऑर्काएवढं मशीन इथे बसवलं तर वर्षाला १० हजार टँकर! मामांच्या सोसायटीत एप्रिल लागला की टँकरच्या वर्गणीवरून दोन विंग एकमेकींशी बोलत नाहीत. जिन्यात बादल्यांची रांग असते. खडकवासल्याचं पाणी पुण्याला द्यायचं की दौंड-इंदापूरला, हे भांडण वेगळंच. त्यात हा नवा पाहुणा. शिवाय ऑर्काला शेजारच्याच भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेवर चालणाऱ्या, केंद्रातून वीज मिळते. आपली वीज बव्हंशी कोळशाची. कोळसा जाळून कोळशाचा धूर पकडायचा!

धुराचं तर बोलायलाच नको. हे मशीन कार्बन डायऑक्साइड धरतं. चांदणी चौकात मास्क काळा करते ती काजळी वेगळी, धूळ वेगळी.

नॉर्वेचं उदाहरण मामा देतीलच. देते मान. तिथला स्लाइप्नर प्रकल्प १९९६ पासून समुद्राखाली कार्बन डायऑक्साइड पुरतोय, सुरुवातीची बरीच वर्षं तर वर्षाला जवळपास १० लाख टन. सिमेंटमध्येही चुनखडी भाजतानाच हा वायू निघतो, तिथे पकडण्यावाचून फारसा इलाज नाही. एवढं मान्य. पण स्लाइप्नरला पुरतात तो नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला कार्बन. स्वच्छ केलेला गॅस पुढे विकला जातो, जाळलाही जातो. आणि जगात आजवर पकडलेल्या कार्बनचा मोठा हिस्सा गेलाय कुठे, तर जुन्या विहिरींत, दाब वाढवून उरलंसुरलं तेल वर काढायला.