इंजिन खोललं की गाडी थरथरणारच? नाही!

गेल्या आठवड्यात मोटरसायकलबद्दलचा एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. त्यात लिहिलेलं थोडक्यात असं: "इंजिनचं काम केल्यावर गाडी व्हायब्रेट होत असेल तर घाबरू नका. कंपनीचं फिटिंग एकदा उघडलं की परत तसं येत नाही. ओव्हरसाइज पिस्टन जड असतो, त्याने हादरे बसणारच. हजार-दोन हजार किलोमीटर चालवा, आपोआप बसतं. नाही बसलं तर जाड ऑइल टाका. तरी राहिलं तर क्रँक गेला समजा आणि बदलून घ्या."

मी कोल्हापुरात उद्यमनगरात बोरिंग-होनिंगच्या मशीनवर काम करतो, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून-घासून मोठा करतो, आणि त्यात मग मापाने मोठा, ओव्हरसाइज पिस्टन बसतो. हा मेसेज दाखवून गिऱ्हाइकाला तसंच घरी पाठवलेलं मी पाहिलंय. हाच मेसेज वाचून धडधाकट क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली जाण्याने फिरणारा दांडा, भंगारात गेलेलाही पाहिलाय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कंपनीचं फिटिंग परत येत नाही, हे आधी. कंपनीतही इंजिन माणसंच जोडतात, फक्त मापाने जोडतात. कुठला बोल्ट किती टॉर्कला आवळायचा, पिस्टन आणि बोअरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) किती फट ठेवायची, हे सगळं गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. टॉर्क पाना, बोअर गेज आणि मायक्रोमीटर या वस्तू उद्यमनगरात गल्लोगल्ली मिळतात. ज्या गावात ऑइल इंजिनं ओतून, घासून, जोडून शेतावर गेली, त्या गावात बसून "खोललं की गेलं" म्हणायचं, हे मला सहन होत नाही. खोलल्यावर गाडी बिघडली असेल तर जोडताना काहीतरी राहिलंय, आणि जे राहिलंय ते सापडतं.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. सिंगल सिलिंडरची गाडी नवी असतानाही थोडी थरथरतेच. पिस्टन, त्याला रॉडशी जोडणारी गजन पिन, रिंगा आणि क्रँकपर्यंत जाणाऱ्या रॉडचा वरचा भाग मिळून दोनशे ग्रॅमचा ऐवज धरा. 56 मिलिमीटर स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वर-खाली धावेच्या) इंजिनात 6000 आरपीएमला हा ऐवज वरच्या टोकाला पोचतो, तेव्हा त्याचा जोर सुमारे 280 किलो वजनाइतका होतो. क्रँकच्या वजनदार पाकळ्या यातला काही भाग मारतात. सगळा मारायला गेलं तर वर-खालचा हादरा जातो आणि तेवढाच पुढे-मागे सुरू होतो, म्हणून कंपनी मधला मार्ग काढते. तेव्हा प्रश्न "थरथर आहे का" हा नसून "कामाआधीपेक्षा वाढली का" हा आहे.

आता जड पिस्टन. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज म्हणजे किती जड, हे बोलत बसण्यापेक्षा मोजलेलं बरं. मी एकदा जुना आणि नवा, दोन्ही पिस्टन पिन, रिंगा आणि सर्क्लिपसकट रुमालात बांधून गुजरीत ओळखीच्या सोनाराकडे नेले. आधी जुना स्वच्छ धुतला होता, कारण माथ्यावरचा कार्बनही वजनात येतो. सोनाराने काट्यावर एकेक ठेवला. फरक दोन ग्रॅमच्याही आत! दोनशेत दोन म्हणजे एक टक्का. तेवढ्याने पाय बधिर होत नाहीत. पण "हाच बसतो" म्हणून दुसऱ्याच मॉडेलचा किंवा जाड ओतलेला पिस्टन टाकला असेल, तर फरक दहा-पंधरा ग्रॅमवर जाऊ शकतो, आणि तो जाणवतो. म्हणून जुना पिस्टन मागून घ्या आणि वजन करून बघा. दोष साइजचा नसतो, चुकीच्या मालाचा असतो.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते "चालवा, बसतं". यात मी स्वतः फसलोय, म्हणून सविस्तर सांगतो. माझ्या दीडशे सीसीच्या गाडीचं हाफ इंजिन (हेड, ब्लॉक, पिस्टन) काढलं होतं. बोअर मी माझ्या हाताने मारला, जोडणी एका गॅरेजला दिली. गाडी हातात आली आणि पंचावन्नच्या पुढे फूटरेस्ट असे झिणझिणायला लागले की घरी उतरल्यावर तळपाय झोपल्यासारखे व्हायचे. परत गेलो तर उत्तर मिळालं, "दादा, लई घट्ट हाय अजून. हजारभर चालवा, बसंल." मी चालवली. गगनबावड्याला जाऊन आलो, कागलच्या फेऱ्या केल्या. चौदाशे किलोमीटर झाले. इंजिन मोकळं झालं, पिकअप सुधारला, थरथर जिथल्या तिथे.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी टाकी काढून बसलो. हेडला चेसिसशी धरणारा जो वरचा ब्रॅकेट असतो, त्याच्या बोल्टाला पाना लावला तर घट्ट. पण त्याच बोल्टाखालचा वॉशर बोटाने फिरत होता. बॅटरी मारून पाहिलं तर ब्रॅकेट आणि हेडच्या कानात बारीक फट होती, पलीकडचा उजेड दिसत होता. तिथली कॉलर, म्हणजे मधली जागा भरणारी छोटी नळी, बसवलेलीच नव्हती. कॉलर नसल्यामुळे नट आट्यांच्या शेवटाला जाऊन अडला होता आणि ब्रॅकेटला दाबतच नव्हता. ब्रॅकेटची कड घासून चांदीसारखी चकाकत होती, भोवती राखाडी भुकटी. लेथवर कॉलर काढली. इंजिन चेसिसला धरणारे सगळे फाउंडेशन बोल्ट सैल केले, इंजिनखाली जॅक लावून वजन नीट बसू दिलं, मग एकेक करून सगळे आवळले. त्याच संध्याकाळी रंकाळ्यापर्यंत गेलो आणि गाडी पूर्वीसारखी.

रनिंग कशासाठी असतं? रिंगा सिलिंडरच्या भिंतीला बसाव्यात म्हणून. सुरुवातीचे किलोमीटर जपून चालवायचे ते त्यासाठी, आणि ते पाळलंच पाहिजे. रनिंगने घर्षण कमी होतं, आयडलिंग सुधारतं. पण पिस्टनच्या वर-खाली जाण्याचा जोर रनिंगने कमी होत नाही आणि राहिलेली कॉलर चालवून जागेवर येत नाही. उलट सैल ब्रॅकेटवर हजार किलोमीटर काढले तर भोक मोठं होतं, कान तडकू शकतो.

म्हणून इंजिनला परत हात लावण्याआधी थरथर कुठून येते हे चालवून बघा. मोकळ्या सरळ रस्त्यावर, समजा 50 च्या वेगात, एकदा टॉपमध्ये आणि एकदा एक गिअर खाली चालवा. गिअर बदलल्यावर थरथर बदलली तर ती इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे. दोन्हीकडे सारखीच राहिली, किंवा क्लच दाबून इंजिन आयडलला आलं तरी राहिली, तर चाक, टायर, चेन बघा. हाताला फरकही कळतो. 60 च्या वेगाला सतरा इंची चाक सेकंदाला नऊच्या आसपास फेऱ्या मारतं, तो झोल असतो. 5400 आरपीएमला इंजिन सेकंदाला 90 फेऱ्या मारतं, ती झिणझिण असते. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीवर त्याच आरपीएमला झिणझिण येत असेल तर चेनसेट बदलायला लावणाऱ्याचं ऐकू नका. आणि हँडलच्या टोकांची वजनं काम करताना काढून परत लावलीत का, तेही बघा. ती नुसती शोभेला नसतात.

जाड ऑइलबद्दल फार लिहायचं नाही. ऑइल घर्षणाचं काम करतं, वजनाच्या जोराचं नाही. 10डब्ल्यू-30 सांगितलेल्या गाडीत 20डब्ल्यू-50 ओतलं तर सकाळी थंड इंजिनात ते वर पोचायला वेळ घेतं. आवाज जरा दबतो, म्हणून लोकांना वाटतं गुण आला. कंपनीने सांगितलेलंच टाका, आणि ओल्या क्लचच्या (क्लच इंजिन ऑइलमध्येच असलेल्या) गाडीत डब्यावर जासो एमए किंवा एमए2 ही दर्जाची खूण लिहिलेली बघून घ्या.

राहिला क्रँक. इथे माझा एकच प्रश्न असतो: क्रँक उघडला होता का? हाफ इंजिन म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन. क्रँकला कोणी हातही लावला नसेल तर परवापर्यंत नीट असलेला क्रँक गॅरेजमध्ये उभ्या उभ्या बॅलन्स कसा सोडेल? ज्याला हात लागला ते आधी तपासायचं.

फुल इंजिन झालं असेल, रॉड किट बदललं असेल, तर शंका रास्त आहे. पिन प्रेस करून दोन पाकळ्या जोडल्या की त्या एका रेषेत आहेत का हे डोळ्यांनी कळत नाही. क्रँक सेंटरवर धरून दोन्ही टोकांना डायल (बारीक हलणं दाखवणारं काट्याचं गेज) लावायची, हाताने फिरवायचा, आणि काटा हलेल तिथे तांब्याच्या हातोड्याने ठोकत ठोकत आणायचा. गोष्ट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांची असते, मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. बाहेर गेलेला क्रँकही बहुतेक वेळा परत सेंटर होतो, लगेच नवा लागत नाही.

बॅलन्सर शाफ्टच्या, म्हणजे हादरा मारायला क्रँकबरोबर उलटा फिरणारा वजनदार दांडा असलेल्या गाड्यांत तपासायची आणखी एक जागा आहे. आरएक्स 100 ला बॅलन्सर नाही, पण मीटिऑरपासूनच्या रॉयल एनफिल्डच्या 350 इंजिनांत आणि केटीएमच्या 390 मध्ये आहे. त्याच्या गिअरवरची खूण क्रँकच्या गिअरवरच्या खुणेसमोर यावीच लागते. चाळीस दातांचा गिअर एका दाताने चुकला तर 9 अंश, तेवढ्याने मारायच्या जोराचा साधारण सहावा हिस्सा परत उरतो. 60 अंश चुकला तर बॅलन्सर नसल्यात जमा, आणि पूर्ण उलटा बसला तर तोच जोर दुप्पट. अशा गाडीला नवा क्रँक घालूनही थरथर जाणार नाही. कव्हर खोलून दोन ठिपके समोरासमोर आहेत का, एवढंच बघायचं.

तेव्हा कोणी क्रँक बदला म्हटलं तर म्हणा, "मेस्त्री, डायल लावून दाखवा." ज्याने मोजलंय तो लगेच दाखवतो. न मोजताच बदला म्हणत असेल, तर क्रँक तुमच्याकडेच ठेवा आणि दुसरीकडे नेऊन मोजून घ्या.