‘त्रुटी ४.३ चीच तर होती’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. तक्रारी तीन आहेत. तुमच्या वर्डप्रेस साइटची देखभाल करताना आम्ही ‘मध्यम’ दर्जाच्या, धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी ४.३ गुणांच्या त्रुटीपायी चौकशीच्या फॉर्मचं प्लगइन (साइटला जोडलेला जादा प्रोग्रॅम) बंद केलं आणि तुमच्याकडे चौकशा येणं थांबलं. हल्ले अडवणारा फायरवॉल असताना एवढी घाई कशाला केली? आणि प्लगइन बनवणारा स्वतः ‘आम्ही नॉन्स (विनंतीसोबत येणारा सांकेतिक क्रमांक) तपासतो, धोका नाही’ म्हणत असताना आम्ही तुम्हाला घाबरवून जादा कामाचे पैसे लावले.

चौकशा थांबल्या की धंद्याला फटका बसतो, हे आम्हालाही कळतं. तरीही असाच प्रसंग पुन्हा आला, तर आम्ही प्लगइन पुन्हा बंद करू. त्रुटी आता दुरुस्त झालेली आहे, त्यामुळे उघडपणे लिहितोय. प्लगइनचं नाव मात्र टाळतोय. ते फुकट देणाऱ्या माणसाशी आमचं भांडण नाही.

त्रुटी अशी होती: प्लगइनची सेटिंग बदलणाऱ्याला तशी परवानगी आहे का, हे तपासलंच जात नव्हतं. आधी त्या ४.३ चं बघू. हा आकडा प्लगइनमधल्या त्रुटीला सरसकट दिलेला असतो. तुमच्या साइटवर काय चालू आहे आणि काय बंद, हे तो देणाऱ्याला माहीत नसतं. हल्ला करणाऱ्याकडे आधी साइटचं एखादं खातं असावं लागेल, भले सगळ्यात खालच्या दर्जाचं, असं त्यात धरलेलं असतं. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त खात्याची ही अट काढली, की तोच आकडा ५.३ होतो. तुमच्या साइटवर कोणालाही नोंदणी करता येत होती, कारण ग्राहकांना स्वतःची खाती उघडता यायला हवी होती. म्हणजे ती अट फक्त कागदावर. ज्याच्याकडे ईमेल आहे तो दोन मिनिटांत सबस्क्रायबर, म्हणजे त्या सगळ्यात खालच्या दर्जाचा खातेदार.

दुसरं म्हणजे, त्या गुणांमध्ये ‘सेटिंग बदलता येतात, माहिती फुटत नाही’ असं धरलं होतं. पण बदलता येणाऱ्या सेटिंगमध्ये चौकशीचा ईमेल कुठे जावा, तो पत्ताही होता. तो कोणी बदलला असता, तर तुमच्या ग्राहकांची नावं, फोन नंबर आणि निरोप तिसऱ्याच्या हातात गेले असते, आणि तुम्हाला वाटलं असतं की सध्या बाजारच थंड आहे.

आता नॉन्स. वर्डप्रेसमध्ये नॉन्स एवढंच सांगतो, की आलेली विनंती याच युजरला दिलेल्या पानावरून आली आहे. दुसऱ्या कुठल्या साइटने त्याच्या नकळत ती पाठवलेली नाही. त्या युजरला ते काम करायची परवानगी आहे का, हा प्रश्न नॉन्स विचारतच नाही. तो विचारण्यासाठी वर्डप्रेसमध्ये वेगळं फंक्शन आहे, आणि परवानगीसाठी नॉन्सवर विसंबू नका, असं वर्डप्रेसच्याच मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. या प्लगइनमध्ये तर नॉन्स अॅडमिनच्या प्रत्येक पानात छापला जात होता. सबस्क्रायबरचं प्रोफाइलचं पान त्यातलंच एक. ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स (मागचा कोड) उघडला की नॉन्स समोर. (आणि विनंती अॅडमिन भागाकडे आली आहे का, एवढंच बघणारी तपासणी इथे कामाची नाही. अॅडमिन-एजॅक्सकडे, म्हणजे पान न बदलता मागच्या मागे येणाऱ्या विनंत्या घेणाऱ्या वर्डप्रेसच्या फाइलकडे, आलेल्या प्रत्येक विनंतीला तिचं उत्तर ‘हो’ येतं, पाठवणारा लॉगिन नसला तरी. याच समजुतीवर लिहिलेलं कितीतरी कोड आम्ही पाहिलंय.)

फायरवॉलबद्दल तुम्ही विचारलंत ते योग्य आहे, पण या जातीच्या त्रुटीत त्याचा हात तोकडा पडतो. फायरवॉल सहसा विनंतीत काहीतरी वाकडं शोधतो: डेटाबेसची आज्ञा घुसवली आहे का, स्क्रिप्ट आहे का, वगैरे. इथे तसं काहीच नसतं. खरं लॉगिन, खरा नॉन्स, आणि अॅडमिन पाठवतो अगदी तशीच विनंती. चुकीचा फक्त पाठवणारा. त्या प्लगइनसाठी खास नियम लिहिलेला असेल तरच ती अडते, आणि तसा नियम तेव्हा आलेला नव्हता. दुरुस्त आवृत्तीही आलेली नव्हती, त्रुटी मात्र जगजाहीर झाली होती. अशा वेळी बंद करणं हाच उपाय उरतो.

‘पण कोणी काही केलं तर नाही ना,’ असं तुम्ही लिहिलंय. तसं आम्हालाही वाटतं, पण लॉग बघून छातीठोकपणे सांगता येत नाही. सर्व्हरच्या साध्या लॉगमध्ये अॅडमिन-एजॅक्सला विनंती आली आणि २०० (‘ठीक आहे’ या अर्थाचा क्रमांक) हे उत्तर गेलं, एवढीच ओळ पडते. कोणतं काम करायला सांगितलं, ते विनंतीच्या पोटात असतं आणि त्याची नोंद होत नाही. म्हणून आम्हाला प्रत्येक सेटिंग आणि प्रत्येक खातं जुन्या बॅकअपशी ताडून बघावं लागलं. बिलात ‘जादा काम’ म्हणून जे दिसतंय ते हेच, आणि सुरू करण्याआधी तुमची लेखी मंजुरी घेतली होती. ते पैसे परत करणार नाही.

हा बागुलबुवा वाटत असेल, तर नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपी जीडीपीआर कंप्लायन्स’ या प्लगइनचं काय झालं ते पाहा. एक लाखाहून जास्त साइटवर होतं. परवानगी न तपासता साइटचं कुठलंही सेटिंग बदलता येत होतं, तेही लॉगिनशिवाय. हल्लेखोरांनी नोंदणी खुली केली, नव्या युजरला आपोआप मिळणारा दर्जा ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ करून ठेवला आणि रीतसर फॉर्म भरून आत आले. कुठला पासवर्ड फोडावा लागला नाही. १.४.३ या आवृत्तीत ते दुरुस्त झालं, पण ज्यांनी अपडेट लांबवलं त्यांच्याकडे तोवर नवे मालक येऊन बसले होते.

तुमच्या साइटवर दुरुस्त आवृत्ती बसवून फॉर्म पुन्हा चालू केला आहे. काम दुसऱ्यांकडे देताय, तर बॅकअप, प्लगइनची यादी आणि आम्ही तपासलेल्या खात्यांची नोंद तुमच्या ईमेलवर पाठवली आहे. नव्या लोकांनी ताबा घेतला की आमचं अॅडमिन खातं काढून टाका. ते अजून चालू आहे.