लिटर की ग्रॅम, आधी बघा

सुपरमार्केट स्टोअरच्या स्वतःच्या ब्रँडचा किराणा माल स्वस्तच पडतो, असं एका लेखात सरसकट म्हटलंय. तेवढं पटलं नाही. एमआरपी सोडा, बारीक अक्षरातला प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दर वाचा. तेलात हमखास गंडायला होतं: सूर्यफुलाचं १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, शेजारची तेवढीच दिसणारी पिशवी ८५० ग्रॅमची असू शकते.

साखर, मीठ, पोहे स्टोअरच्या ब्रँडचे बिनधास्त घ्या. तूरडाळीचं पाकीट उभं धरून हलवा. तळाला पीठ साचलं तर चुरा तरी जास्त, नाहीतर कीड. बेसनाच्या घटकांत वाटाणाडाळ नाही ना, तेही बघा.

चटणी मात्र (कोल्हापुरात लाल तिखटाला चटणीच म्हणायचं!) ब्याडगी-संकेश्वरी मिरची आणून डंकावरच कुटून घ्यावी. आणि गूळ फार पिवळाधमक दिसला तर तिथंच ठेवा.