‘स्लीप ०.००५’ म्हणजे पाच मिलिसेकंद नव्हे

सोलापुरात इंजिनिअरिंगची पोरं आणि यंत्रमागवाले एकमेकांना पाठवतात तो दावा असा: ‘टायमर कार्डावर पैसे घालू नका. रास्पबेरी पायवर जीपीआयओमॉन, स्लीप ०.००५, जीपीआयओसेट एका ओळीत लिहा. ट्रिगरनंतर बरोब्बर ५ मिलिसेकंदांनी पल्स. वेळेचा शिक्का तर नॅनोसेकंदात!’ पाय म्हणजे तळहाताएवढा संगणक. जीपीआयओमॉन त्याच्या पिनवर आलेला इशारा, म्हणजे ट्रिगर, टिपतो; स्लीप तेवढे सेकंद थांबतो; जीपीआयओसेट दुसऱ्या पिनवर पल्स, म्हणजे क्षणभराचा सिग्नल, देतो.

आधी ‘बरोब्बर’. स्लीप एवढंच कबूल करतो की सांगितलेल्या वेळेआधी उठणार नाही. किती उशिरा उठेल, याची हमी नाही. त्यात शेल, म्हणजे या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, प्रत्येक ट्रिगरला स्लीप आणि जीपीआयओसेट नव्याने सुरू करतो. छोट्या बोर्डावर त्यातच एखाद-दुसरा मिलिसेकंद जातो, आणि तोही दर वेळी वेगळा.

मिनिटाला २०० फेरे घेणाऱ्या मागावर एक फेरा ३०० मिलिसेकंदांचा, म्हणजे १ मिलिसेकंदाला १.२ अंश. पल्स ५ मिलिसेकंद मागेपुढे झाली की ६ अंशांचा घोळ. जॉबरला, म्हणजे माग लावणाऱ्या मिस्त्रीला, विचारा, चालेल का.

नॅनोसेकंदाचा शिक्का खरा आहे, पण तो ट्रिगर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कळल्याचा. तुमची पल्स कधी बाहेर पडली ते त्यातून कळत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोपच्या (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणाच्या) एका चॅनलवर ट्रिगर, दुसऱ्यावर आउटपुट लावा, पर्सिस्टन्स चालू करा, म्हणजे जुने आलेखही पडद्यावर राहतील, आणि बोर्डाला दुसरं काम देऊन बघा. रिकाम्या बोर्डावर सगळंच छान दिसतं.

‘रिअल-टाइम कर्नल टाका’ हे अर्धं बरोबर. लिनक्सचं हे रिअल-टाइम रूप, प्रीएम्प्ट-आरटी, २०२४ मध्ये ६.१२ कर्नलच्या मुख्य धारेत आलं आणि त्याने शेड्यूलरचा (कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाचा) उशीर आटोक्यात येतो. शेलचा पसारा मात्र तसाच राहतो.

कमांडलाइनशी माझं वैर नाही. आकडा तिथूनच द्या, मोजणी हार्डवेअरला करू द्या. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या टायमरला वन-पल्स मोड असतो: ट्रिगरची कड आली की काउंटर सुटतो, एका आकड्याला पिन वर, पुढच्या आकड्याला खाली. प्रोसेसर मध्ये पडतच नाही. विलंब बदलायचा तर सिरीयल पोर्टवर नवा आकडा पाठवा, एवढी सोय प्रोग्रॅममध्ये ठेवा. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या फाइन-डिले कार्डाची रीतही हीच: विलंब कमांडने सांगायचा, मोजायचा कार्डाने.

बझर वाजवायला स्लीप पुरे. आणि मागाचा २४ व्होल्टचा सेन्सर थेट पायला जोडू नका, पिन ३.३ व्होल्टची आहे, मध्ये ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेऊन दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा भाग) हवाच.

अगदीच स्वस्तात हवं तर ५५५ या टायमर चिपा दोन घ्या: पहिला विलंबाचा, दुसरा पल्सचा. विलंब १.१ गुणिले आर (रेझिस्टर) गुणिले सी (कपॅसिटर). १० किलोओहम आणि ०.४७ मायक्रोफॅरडला साधारण ५.२ मिलिसेकंद. कपॅसिटर फिल्मचा घ्या, मे महिन्याच्या उष्म्यात शेडमध्ये साध्या सिरॅमिकचं मूल्य सरकतं.