आण्णांचा बँकेट हॉल

मागच्या आठवड्यात मिरज रोडला एका लग्नाला गेलो होतो. हॉलवर मोठ्ठ्या अक्षरात बोर्ड, "बँक्वेट हॉल", आणि आमचे आण्णा (थोरले चुलते, आयुष्यभर ऊस आणि सोसायटी) बोर्डाखालीच थांबले. "आरं, ह्यो बँकंचा हॉल हाय व्हय? मग सभासदाला भाड्यात सूट आसंल की!" झालं, पोरं जी हसायला लागली ती मठ्ठा पिऊन होईपर्यंत. मी पण हसलो, खोटं कशाला बोलू.

रात्री घरी आल्यावर शब्द शोधत बसलो (जुनी खोड आहे, बायको वैतागते) आणि कळलं की आण्णा बरोबर होते राव.

बँक हा शब्द इंग्रजांनी १५व्या शतकाच्या शेवटी इटली-फ्रान्सकडनं उचलला. इटालियनमध्ये बांका म्हणजे बाकडं, टेबल. पैसे बदलून देणारे लोक बाजारात ते टाकून बसायचे, त्यावरच नाणी मोजायची, मग धंद्यालाच बाकड्याचं नाव पडलं. आणि बँक्वेट म्हणजे त्याच बांकाचं पिल्लू, बांकेत्तो, आपण बाकडुलं म्हणू. म्हणजे बँक आणि बँकेट सख्खी भावंडं! बँकरप्टमध्ये पण तेच बाकडं आहे, फक्त मोडलेलं, बांका रोत्ता. आपल्याकडं दिवाळं निघालेला सावकार भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवायचा म्हणतात, तिकडं डायरेक्ट फर्निचर तोडलं.

नदीची बँक मात्र वेगळ्या वाटेनं आली, उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या बोलीतनं, आणि ती पैशाच्या बँकेच्या कितीतरी आधी इंग्रजीत होती. पण अजून मागं गेलं की दोन्हीचं मूळ एकच जुना जर्मनिक शब्द, उंचवट्याचा. मातीचा असला तर काठ, लाकडाचा असला तर बाकडं. ऑगस्ट २०१९ला कृष्णामाईनं आयर्विन पुलाची ४५ फुटाची धोक्याची पातळी ओलांडून हरभट रोड गाठला तेव्हा सांगलीत तर दोन्ही बँका एकाच पाण्यात होत्या. माझं पासबुक भाकरीसारखं फुगलेलं, उन्हात एकेक पान सुटं करून वाळवलं, शिल्लक होती तिथं नुसता निळा डाग. बँकेत (नाव घेत नाही) नवीन मागितलं तर म्हणे जुनं जमा करा, जुनं दिलं तर म्हणे हे वाचता येत नाही, वाचता येणारं आणा. 🙏

बरं, खरी मजा पुढं आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सांगली सातारा पण त्यातच. तर बेंच हा शब्द पण त्याच मुळाचा, बँकेचा चुलतभाऊ. आता मराठी बघा. बेंचला आपण काय म्हणतो? खंडपीठ. पीठ म्हणजे बसायची जागा (दळणाचं पीठ वेगळं, ते पिष्टवरनं आलं, गिरणीवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये). आणि बँकेला जुना शब्द काय? पेढी. पेढी कुठनं आली? पीठिकावरनं! परत बसायची जागा. म्हणजे तिकडं बेंच आणि बँक, इकडं पीठ आणि पेढी, कुणी कुणाची कॉपी न करता दोन्हीकडं सेम टू सेम. आणि आपला सराफ कट्टा? आपण तिथनं रोज गाडी घालतो आणि कधी डोक्यात येत नाही की कट्ट्यावर बसलेला सराफ म्हणजेच इटलीतला तो बाकड्यावरचा माणूस.

माझं म्हणणं एवढंच की बँक्वेटला बँकेट म्हणलं की आपण दात काढतो, पण पेढी म्हणजे फक्त सोन्याचं दुकान असं समजणारी इंग्रजी मीडियमची पोरं (आणि त्यांचे आईबाप, मीपण त्यातलाच) त्यावर कुणी हसत नाही. आण्णांनी निदान शब्द नीट ऐकला, त्यातली बँक त्यांना दिसली, आम्हाला नुसता स्टायलिश बोर्ड दिसला.

आणि एक राहिलंच. त्या बाकड्याच्या नावाच्या हॉलमध्ये जेवायला एक बाकडं नव्हतं. बुफे होता. आण्णा एका हातात ताट, दुसऱ्या हातात मठ्ठ्याचा ग्लास घेऊन बराच वेळ फिरले आणि शेवटी जनरेटरच्या खोलीबाहेर पायरीवर रुमाल अंथरून जेवले.